गुडघा सुजला, दुखणे बेंबीत

फोन आला तेव्हा तक्रार पायाची होती. ‘‘डॉक्टर, कालवड पुढचा पाय टेकंना झालीय. शेजारच्या म्हशीनं तुडवली असंल. मुका मार दिसतोय.’’ सांगोला तालुक्यातली वस्ती, पावसाळ्याचे दिवस आणि कालवड जेमतेम बारा दिवसांची. जाऊन पाहिले तर पुढचा डावा गुडघा मोसंबीएवढा सुजलेला. घरच्यांनी आंबेहळदीचा लेप लावून फडके बांधले होते. त्यांनी पाय दाखवला, पण मी कालवडीला आडवे करून आधी पोटाखाली हात घातला. ‘दुखतंय कुठं आणि डॉक्टर बघतोय कुठं’ असे मालकाच्या चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होते. बेंबीपाशी अंगठ्याहून जाड, कढत गाठ हाताला लागली. जरा दाबताच कालवडीने पाय झाडले आणि पिवळसर, घाण वासाचा पू बाहेर आला. म्हशीने कुणालाही तुडवलेले नव्हते. बेंबीतून शिरलेले जंतू रक्तावाटे गुडघ्यात जाऊन बसले होते.

असा फोन आम्हा पशुवैद्यकांना दर पावसाळ्यात येतो आणि बहुतेक वेळा तो पायासाठी, तापासाठी नाही तर ‘वासरू दूध ओढत नाही’ म्हणून येतो. बेंबीसाठी क्वचितच येतो. कारण ती पोटाखाली असते, केसांत झाकलेली असते आणि वासरू उभे असताना कुणाच्या नजरेला पडत नाही. बेंबीचे दुखणे सुरू होऊन आठवडा उलटलेला असतो, तेव्हा कुठे सांधा सुजतो आणि घरच्यांचे लक्ष जाते. तोवर उशीर झालेला असतो.

हे नेमके होते कसे, ते समजून घ्यायला पोटातल्या वासराची रचना पाहावी लागते. नाळ म्हणजे एक दोरी नव्हे, तो नळ्यांचा जुडगा असतो. त्यात वासराकडून वारेकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या असतात. वारेकडून शुद्ध रक्त आणणारी शीर असते, ती आत थेट यकृताकडे जाते. आणि आणखी एक नळी असते, ती वासराच्या मूत्राशयातून निघते. गाय व्याली, वासरू खाली आले किंवा गाय उठली, की ताण पडून नाळ आपोआप तुटते. हे तुटणे निसर्गाने छान जमवलेले आहे. ताणून तुटलेल्या रोहिण्या रबर आखडावे तशा पोटात ओढल्या जातात आणि आवळून बंद होतात, त्यामुळे फारसे रक्त जात नाही. मागे उरते ते ओले, लोंबणारे टोक. हे टोक वाळेपर्यंत पोटाला एक दार उघडे असते. त्या दारातून आत शिरणाऱ्या जंतूंना एका वाटेने यकृत गाठता येते, दुसरीने मूत्राशय, आणि एकदा रक्तात मिसळले की सांधे, डोळे, मेंदूची आवरणे असे कुठेही जाता येते. गुडघ्यात किंवा मागच्या पायाच्या ढोपरात ते जास्त वेळा मुक्काम करतात.

आता दुसरी गोष्ट. हे दार उघडे असताना वासराकडे पहारेकरीही नसतात. माणसाच्या बाळाला आईची प्रतिपिंडे पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाय-म्हशीची वार वेगळ्या बांधणीची असते. आईचे रक्त आणि गर्भाचे रक्त यांच्यामध्ये पेशींचे इतके थर असतात की प्रतिपिंडांना पलीकडे जाता येत नाही. त्यामुळे वासरू जन्मते ते जवळपास रिकाम्या हाताने. त्याला आईची प्रतिपिंडे मिळतात ती फक्त चिकातून, आणि तीही आतड्याची भिंत पहिल्या काही तासांत ती जशीच्या तशी रक्तात घेते म्हणून. ही क्षमता तासागणिक कमी होते आणि साधारण २४ तासांत संपते. दुसऱ्या दिवशी पाजलेला चीक पौष्टिक असतो, पण रक्तातले संरक्षण त्यातून मिळत नाही.

म्हणून बेंबीची काळजी आणि चीक पाजणे ही दोन वेगळी कामे मानू नयेत. नुसती बेंबी आयोडीनने रंगवली आणि चीक उशिरा दिला, तर दार लोटले पण घर राखणीविना राहिले.

आणि चीक उशिरा देण्याचे आपल्याकडे एक जुने कारण आहे: ‘वार पडल्याशिवाय वासराला पाजू नये.’ आजही अनेक गोठ्यांत हे काटेकोरपणे पाळले जाते. वार पडायला सहा-आठ तास सहज लागतात, कधी बाराही लागतात. तेवढा वेळ वासरू उपाशी राहते, आणि उपाशी वासरू जे दिसेल ते चाटते: भिंत, दावे, शेणाने भरलेली कास. म्हणजे प्रतिपिंडांच्या आधी जंतू पोटात. खरे तर वासराने सड चोखले की गायीच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, त्याने पान्हा येतो आणि गर्भाशयही आकुंचन पावते, त्यामुळे वार पडायला झाली तर मदतच होते. ही समजूत कशी रूढ झाली कोण जाणे, पण ती वासरांना फार महाग पडली आहे.

किती पाजायचा? वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका. ३० किलोच्या संकरित वासराला ३ लिटर, २० किलोच्या खिलार वासराला २ लिटर. शक्य तेवढा पहिल्या दोन तासांत आणि उरलेला सहा तासांच्या आत. वासराला चोखता येत नसेल तर चीक नळकांड्याने घशात ओतू नये, तो श्वासनलिकेत जाऊन फुफ्फुसे बिघडतात. बाटलीला निपल लावावे, वासराची मान फार वर करू नये, आणि तरीही घेत नसेल तर पशुवैद्यकाला बोलवावे. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्ष बागायतदारांच्या खिशात गोडी मोजायचे रिफ्रॅक्टोमीटर असते, त्याच यंत्राने चीकही तपासता येतो. दोन थेंब टाकायचे. गायीच्या चिकाचे वाचन २२ ब्रिक्स किंवा जास्त आले तर प्रतिपिंडे पुरेशी आहेत असे समजतात. शहरातल्या वाचकांनी खरवसाची फार चिंता करू नये. पहिल्या दोन-तीन वेळचा चीक वासराचा. चांगल्या दुधाळ गायीला त्यानंतरही भरपूर उरतो.

आता बेंबीकडे येऊ. नाळ आपोआप तुटली असेल तर ती बांधायची की नाही, यावर पशुवैद्यकांत दोन मते आहेत. आपल्याकडच्या बऱ्याच पुस्तिकांत पोटापासून दोन बोटे अंतर ठेवून निर्जंतुक दोऱ्याने बांधा आणि पुढचा भाग कापा, असे सांगितलेले असते. माझे मत असे की, स्वच्छ तुटलेली आणि रक्त न गळणारी नाळ बांधू नये. बांधलेल्या टोकात ओल अडकून राहते आणि सुकायला वेळ लागतो. रक्त थांबत नसेल तर मात्र आयोडीनमध्ये बुडवलेल्या दोऱ्याने बांधावे. नाळ जमिनीला घासण्याइतकी लांब असेल तर तीन-चार बोटे ठेवून उकळलेल्या कात्रीने कापावी. विळा, जुने ब्लेड, दाढीचे पाते ही गोठ्याच्या कोनाड्यात सापडणारी हत्यारे यासाठी नाहीत. आणि नाळ पोटाला लागून कधीच कापू नये.

मग औषध. टिंक्चर आयोडीन उत्तम, कारण त्यातल्या अल्कोहोलने टोक लवकर सुकते. ते नसेल तर मेडिकलमध्ये मिळणारे पोव्हिडोन आयोडीन चालते, क्लोरहेक्सिडीनही चालते. निरनिराळ्या औषधांची तुलना झालेली आहे आणि त्यात एकच औषध सर्वांवर मात करते असे ठोसपणे पुढे आलेले नाही. फरक पडतो तो लावण्याच्या पद्धतीने. कापसाचा बोळा फिरवणे किंवा समोरून फवारा मारणे म्हणजे भिंतीची एकच बाजू रंगवण्यासारखे आहे. मागची बाजू आणि टोकाचे उघडे तोंड कोरडेच राहते. एक छोटी वाटी किंवा औषधाच्या बाटलीचे रुंद झाकण घ्यावे, त्यात औषध ओतावे, आणि वासरू उभे असताना ती वाटी खालून पोटाला टेकवून नाळ पूर्ण बुडवावी. अर्धा मिनिट तरी तशीच धरावी. उरलेले औषध फेकून द्यावे, पुन्हा बाटलीत ओतू नये, कारण रक्त-शेण मिसळले की आयोडीनची ताकद जाते. हे जन्मानंतर अर्ध्या तासात एकदा आणि नाळ सुकेपर्यंत रोज एक-दोनदा करावे. तीव्र आयोडीन दिवसातून पाच वेळा लावणारेही भेटतात, त्याने कातडी भाजते.

हळद, राख, शेण, ग्रीस, गाडीचे जळके ऑइल, हे सगळे मी बेंबीवर लावलेले पाहिले आहे. शेणात आणि मातीत धनुर्वाताच्या जंतूंची बीजे असतात. एके काळी आपल्याकडे माणसाच्या बाळाच्या नाळेलाही शेण-राख लावत, आणि त्यातून धनुर्वाताने किती बाळे गेली याचा हिशेब नाही. आईला लस, स्वच्छ हात, स्वच्छ पाते आणि कोरडी नाळ एवढ्यावर ती मरणे थांबली. २०१५ मध्ये भारत माता व नवजात धनुर्वाताच्या निर्मूलनाचे उद्दिष्ट गाठलेला देश ठरला. घरात जे आपण सोडून दिले ते गोठ्यात अजून चालू आहे.

औषध कितीही चांगले असले तरी वासरू जर मुताच्या डबक्यात बसणार असेल तर काही उपयोग नाही. गाय विण्याच्या आधीच कोपरा धुऊन, चुना मारून, सुकवून ठेवावा. वर भाताचा पेंढा, कोरडे पाचट, तूस, जे असेल ते जाड अंथरावे. परीक्षा सोपी आहे: आपण त्यावर गुडघे टेकून थोडा वेळ बसायचे. उठल्यावर पॅन्टचे गुडघे ओले झाले, तर तिथे वासराची बेंबी सुकणार नाही. मुक्त संचार गोठ्यात वासरे लहान-मोठी एकत्र असतील तर ती एकमेकांची बेंबी चोखतात, तेही सांभाळावे लागते.

पावसाळ्यात आणखी एक पाहुणा असतो: माशी. क्रायसोमिया बेझियाना नावाची माशी ओल्या बेंबीच्या कडेला अंडी घालते. दिवसभरात अळ्या निघतात, आणि या अळ्या सडके नव्हे, जिवंत मांस खातात. बेंबीला वेगळाच उग्र वास येऊ लागला, वासरू सारखे मागे वळून पोटाकडे बघू लागले, तर ‘किडे पडले’ असे समजावे. अमेरिका खंडात याच सवयीची दुसरी माशी आहे आणि तिचेही आवडते ठिकाण नवजात वासराची बेंबीच. तिच्यावर तिथल्या शास्त्रज्ञांनी किरणोत्साराने वांझ केलेल्या माश्या सोडण्याचा अफलातून उपाय शोधला. १९५४ मध्ये क्युरासाओ बेटावर तो यशस्वी ठरला आणि मग देशच्या देश त्या माशीपासून मुक्त झाले. आपल्याकडे तशी मोहीम नाही, तेव्हा बेंबी कोरडी ठेवणे आणि माशा दूर ठेवणे एवढेच हातात आहे. अळ्या दिसल्याच तर घरी चिमट्याने कोरत बसू नये. त्या खोलवर गेलेल्या असतात.

आता रोजच्या तपासणीचे. याला दोन मिनिटे लागतात आणि पैसे लागत नाहीत. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळे तपासायला शिकवले. रडणे क्षीण झाले का, चोखणे मंदावले का, अंग गार लागते का, बेंबीत पू आहे का, अशा साध्या खुणा. त्या ओळखून वेळेवर उपचार केल्याने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा अभ्यास १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. वासरू बाळ नव्हे आणि गोठा म्हणजे घर नव्हे, पण त्या खुणांकडे पाहिले की मला दर वेळी वाटते, यातली प्रत्येक गोष्ट गोठ्यातही हाताने आणि डोळ्यांनीच कळते.

निरोगी वासरू तासा-दोन तासांत उभे राहून सड शोधू लागते. पहिली काळपट, चिकट विष्ठा पहिल्या दिवसात पडते. पुढे रोज सकाळी पाजायच्या आधी ते उठताना बघावे. चांगले वासरू उठून पाठ ताणते, आळस देते. ज्याला उठवावे लागते, ज्याचे कान लोंबलेले आहेत, त्याच्याकडे थांबून बघावे. स्वच्छ बोट तोंडात घातले की त्याने जोरात ओढले पाहिजे. हिरड्या गुलाबी आणि ओल्या हव्यात. मानेची कातडी चिमटीत धरून सोडली की लगेच बसली पाहिजे. ती तशीच उभी राहिली, डोळे खोल गेले, तर अंगातले पाणी कमी झाले आहे, बहुधा हगवणीने. थर्मामीटर साधा डिजिटल चालतो, फक्त तो गोठ्याचा म्हणून कायमचा वेगळा ठेवावा. गुदद्वारात धरून १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट ठीक. १०३ च्या वर गेला तर फोन करावा, आणि १०० च्या खाली आला तर आणखी लवकर करावा.

मग बेंबी. नुसती बघायची नाही, दोन बोटांत धरायची. पहिल्या एक-दोन दिवसांत ती ओली, मऊ असते. मग आक्रसून काळी, कडक होते, आणि दोन-तीन आठवड्यांत गळून पडते. कातडीत जाणारे मूळ पेन्सिलीएवढे असावे. ते अंगठ्याएवढे जाड लागले, गरम लागले, दाबल्यावर वासराने पोट आखडले किंवा वास आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. बेंबीतून पाण्यासारखे थेंब येत असतील, तर मूत्राशयाकडची नळी बंद झालेली नाही, हेही सांगायला हवे. बेंबीनंतर चारही पायांच्या सांध्यांवरून हात फिरवावा, डावा-उजवा तुलना करत. ही तपासणी निदान पहिले तीन आठवडे करायची, कारण सांधे सुजतात ते बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात.

एक धोक्याची सूचना. बेंबीजवळ मोठी मऊ सूज दिसली की ती ‘पिकलीय’ म्हणून दाभणाने फोडणारे लोक असतात. प्रत्येक सूज गळू नसते. हर्निया असेल तर आत आतडे असते! वासराला उताणे केल्यावर सूज आत ढकलली जाते, बोटांना गोल कडी लागते, गरमपणा आणि दुखणे नसते, हे बहुधा हर्नियाचे लक्षण. छोटा हर्निया पुष्कळदा आपोआप बुजतो, मोठ्याला शस्त्रक्रिया लागते. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून फोडायचे की नाही हे पशुवैद्यकावर सोडावे.

म्हशीच्या पारडांबद्दल वेगळे लिहायला हवे, कारण त्यांचे हाल जास्त. पारडू नर असेल तर त्याला पुरेसे दूध मिळत नाही, आणि बेंबी तर कुणी बघतही नाही. पारडांना आईच्या दुधातूनच मोठ्या जंतांची लागण होते, म्हणून जंताचे पहिले औषध साधारण दहाव्या दिवसाच्या आसपास, डॉक्टरांना विचारून, द्यायचेच. नर असो वा मादी.

आणि हे सगळे करणाऱ्या माणसाने स्वतःलाही जपावे. गाय व्याली की वार उचलणे, वासरू पुसणे ही कामे बहुतेक घरांत बायका उघड्या हातांनी करतात. ब्रुसेलोसिस हा आजार वार आणि स्रावांतून माणसाला होतो, महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी देतो. हातमोजे नसतील तर निदान जाड प्लास्टिकची पिशवी हातात चढवावी, नंतर साबणाने हात धुवावेत. याच आजाराची लस कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात, आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासून केंद्राच्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात ती समाविष्ट आहे. अडचणीच्या वेळी फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे.

त्या कालवडीचे काय झाले? पू काढून बेंबी धुतली, सांधाही धुतला, प्रतिजैविकाची इंजेक्शने सुरू केली. तिसऱ्या दिवशी ती दूध ओढू लागली तेव्हा घरच्यांना वाटले, झाले, आता इंजेक्शन बंद. तसे करू नका म्हणून बजावून पूर्ण उपचार करून घेतले. अर्धवट सोडलेली प्रतिजैविके जंतूंना औषध पचवायला शिकवतात, आणि तेच जंतू उद्या आपल्याही घरात येतात. कालवड जगली. गुडघा मात्र पुरता वळला नाही. एकच सांधा गेला होता म्हणून निभावले. दोन-तीन सांधे एकदम गेले की फार थोडी वासरे पायावर उभी राहतात. आज ती गोठ्यात आहे, खाते-पिते, पण चरायला लांब जात नाही, आणि ती गाभण राहिली तर वजन पेलेल का, हा प्रश्न मालक मला अधूनमधून विचारतात. माझ्याकडे पक्के उत्तर नाही.

तिची आई यंदा पुन्हा व्याली. चौथ्या दिवशी मालकीणबाईंनी मोबाइलवर एक फोटो पाठवला. वासराचे पोट, वाळून काळी पडलेली नाळ आणि तिच्या शेजारी जाडी कळावी म्हणून धरलेली मुलाची शाळेची पेन्सिल. खाली एकच ओळ: ‘‘बरोबर हाय का?’’

मी कळवले, बरोबर आहे, उद्या पुन्हा हात लावून बघा.